भिजत घातलेल्या विटा

बोरखडीत टोपणनावाशिवाय मेलेला माणूस नाही. एकदा नाव पडलं की ते रेशनकार्डावरच्या नावापेक्षा पक्कं. भुजंग मिस्त्रींना गावानं ‘वाकडे मिस्त्री’ हे नाव दिलं होतं आणि त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

न्यायानं बोलायचं तर या माणसानं गावातली निम्मी घरं बांधली. चाळीस वर्षं थापी चालवली. त्यांच्या हातचे ओटे, हौद, समाजमंदिराच्या पायऱ्या सगळं जागच्या जागी शाबूत आहे. पण गावाची नजर नेमकी गेली ती शाळेच्या कंपाउंडवर. फाटकापाशी दहा-बारा फूट भिंत पोट सुटलेल्या माणसासारखी बाहेर आलेली. पडली नाही हा तिचा एक हट्ट आणि सरळ झाली नाही हा दुसरा. येणारा-जाणारा तिच्याकडे बोट दाखवायचा आणि पाहुण्याला सांगायचा, "ही वाकडे मिस्त्रीची." मिस्त्री ऐकायचे आणि तंबाखू मळत राहायचे. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला तशी त्यांनी थापी, भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा, पाणसळ सगळं एका पोत्यात बांधून माळवदावरच्या खोलीत टाकलं. काम सुटलं, नाव काही सुटलं नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांची नात अर्पिता शाळेतून आली ती दप्तर आपटतच. अर्पिता पाचवीत. तिचे वडील महारुद्र मानवतला जिनिंगमध्ये कामाला, आई कापूस वेचायला रानात. त्यामुळे पोरीचं रुसणं-फुगणं आजा-आजीच्याच वाट्याला. आजोबांना ती बाबा म्हणायची.

"बाबा, उद्या तुमी माझ्यासंगं शाळंत यायचं."

"मी? शाळंत? मी चौथीतूनच पळालो व्हतो. आता कामून धरून नेतीस?"

मग सगळी हकिगत बाहेर आली. परभणीच्या कुठल्याशा मंडळानं शाळेला प्लास्टिकच्या विटांची मोठी पेटी भेट दिली होती. लाल, पिवळ्या, निळ्या. वर बटणांसारखे उंचवटे, एकीवर एक दाबली की घट्ट बसायच्या. अशी भेटवस्तू आली की फोटो काढून कपाटात ठेवायची आणि कपाटाची किल्ली हरवायची, ही शाळेची जुनी रीत. पण जूनमध्ये बदलून आलेल्या राजेश्री मॅडमना ती ठाऊक नव्हती. त्यांनी पेटी सरळ वर्गात ओतली. वर शनिवारी, म्हणजे बिनदप्तराच्या दिवशी, पाचवीच्या पोरांसाठी स्पर्धा ठेवली. एक पोर, त्याच्यासोबत घरातलं एक मोठं माणूस, दीडशे विटा आणि एक मनोरा.

"मी तुमचं नाव दिलं, तर समदे हसायलेत," अर्पिता म्हणाली. "म्हणले, वाकडे मिस्त्रीची नात वाकडाच मनोरा बांधील."

"मग? तू काय म्हणालीस?" आजी सरजाबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

अर्पितानं नाक वर ओढलं. "म्हणलं, आमचा मनोरा समद्यात सरळ ऱ्हाईल. न्हाई राहिला तर माझं बी नाव वाकडी ठेवा."

सरजाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती परातीत पडली. "अगं बाई! नाव ठेवायला गावाला निमित्त लागत न्हाई, अन् तू आपल्या तोंडानं देऊन आलीस?"

मिस्त्रींना स्वतःच्या नावाची सवय झाली होती. पायातल्या कुरुपासारखं ते, चालताना टोचतं पण माणूस चालतो. पण हेच नाव या दहा वर्षांच्या पोरीला चिकटलं तर? पाचवीत चिकटलं तर ते तिच्या लग्नपत्रिकेपर्यंत जाईल, बोरखडी काही सोडायची नाही. मग त्यांनी शेजारच्या पोराला शिडीवर चढवून चार वर्षांत पहिल्यांदा ते पोतं खाली उतरवलं.

सरावासाठी मॅडमनी प्रत्येकाला वीस-वीस विटा घरी दिल्या होत्या. मिस्त्रींनी एक वीट हातात घेतली, उलटी केली, नखानं वाजवून पाहिली, वासही घेतला.

"अन् माल कुठाय?"

"कसला माल?"

"विटंला विटंशी धरणारा. सिमेंट, वाळू, काही?"

"बाबा, माल लागत न्हाई. दाबलं की बसतंय."

हे मिस्त्रींना पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांना चारठाण्याची देवळं आठवली. तरुणपणी ते तिथं तासन् तास दगडांचे सांधे बघत बसायचे. ना चुना, ना सिमेंट, दगडात दगड बसवलेला आणि शेकडो वर्षं हललेला नाही. "मंग बराबर हाय," ते म्हणाले. "हे जुन्या लोकांचं काम हाय, पोरांचं न्हाई."

अर्पिता जेवून झोपली. मिस्त्री मात्र उद्याच्या तयारीला लागले. त्यांनी विटा मोजून घमेल्यात घातल्या आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं.

सकाळी दात घासायला बाहेर आलेल्या अर्पितानं घमेलं पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. विटा पाण्यात, विटांवर आजीचा वरवंटा.

"बाबा! हे काय केलंत?"

"भिजत घातल्या. कोरडी वीट लावली तर ती मालातलं पाणी पिते, सांधा कच्चा ऱ्हातो. बुडबुडे थांबले की समजायचं, वीट धाली, तिचं पोट भरलं. पण ह्या तुमच्या इटा तरंगायच्याच थांबंनात, म्हणून वरवंटा ठिवला." बोलता बोलता मिस्त्रींच्या लक्षात आलं असावं. ते थांबले. घमेल्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "मालच न्हाई म्हणलीस न्हाई का..."

"प्लास्टिक हाय ते बाबा! प्लास्टिक पाणी पितं का?"

सरजाबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं सांगायलेय, ह्या माणसाच्या हाती वीट दिली की अक्कल बाजूला ठिवतो."

आता ही गोष्ट घरातच राहिली असती तर ते बोरखडी कसलं? काल शिडीवर चढलेला शेजारचा पोरगा कुंपणापलीकडे दात घासतच होता. मिस्त्री पोतं खांद्यावर टाकून शाळेत पोचले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचून, पाणी पिऊन बसली होती. "मिस्त्री, विटा वाळल्या का?" असं पहिल्याच वळणावर कुणी तरी विचारलं आणि सगळा व्हरांडा खो खो हसला. अर्पिता मान खाली घालून चालत होती. मिस्त्रींनाच वाईट वाटलं. पोरीनं आपल्यावर एवढा भरवसा टाकला आणि आपण सकाळी सकाळी तिचा तमाशा केला, हे त्यांच्या जिवाला लागलं.

वर्गात सात जोड्या आणि सात प्लास्टिकचे टब होते. टब वीतभर खोल आणि प्रत्येकात कडक वाळलेली काळी माती.

"बिल्डिंग काय, फरशीवर कुणीही बांधेल," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "पण आपण राहतो काळ्या मातीवर. पावसाळ्यात माझ्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढे तडे गेले, तेव्हाच मी ठरवलं, पोरांना हे दाखवायचं. मनोरा या टबात उभा करायचा. वेळ चाळीस मिनिटं. मग प्रत्येक टबात दोन तांबे पाणी ओतायचं, म्हणजे समजा पाऊस आला. आपली खिचडी खाऊन होईपर्यंत जे उभे राहतील, त्यातला सगळ्यात उंच मनोरा पहिला."

काळी माती पाहून मिस्त्रींचा चेहरा उतरला. जुना दुष्मन टबात बसून त्यांच्याकडे बघत होता. ही माती उन्हाळ्यात दगड असते आणि पावसात लोणी. शाळेच्या भिंतीला पोट आलं ते हिच्याचमुळे.

शेजारच्या टबापाशी आबासाहेब बसले होते, नात नीलमला घेऊन. आबासाहेब म्हणजे गावचे माजी सरपंच. पद जाऊन दहा वर्षं झाली तरी खुर्ची दिसली की मधोमध बसायची सवय गेलेली नव्हती. आज मात्र मॅडमनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं होतं, त्यामुळे ते सतरंजीच्या मधोमध बसले होते.

मॅडमनी शिट्टी वाजवली. सहा टबांत विटा खटाखट मातीवर चढायला लागल्या. मिस्त्रींनी हात वर केला.

"मॅडम, खांदायला परवानगी हाय का?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "खणू नका असं तर मी म्हटलेलं नाही."

मिस्त्रींनी पोत्यातून छोटी थापी काढली आणि माती उकरायला घेतली. टबाच्या मध्यावर चौकोनी खड्डा, सरळ तळापर्यंत. मग तळावर पहिला थर बसवला, ऐसपैस, चार विटांचा. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा.

दहा मिनिटांत नीलमचा मनोरा तिच्या कमरेला लागला. अर्पिताच्या मनोऱ्याचं अजून मातीच्या वर तोंडही दिसत नव्हतं. ती एकदा नीलमच्या टबाकडे बघायची, एकदा आपल्या खड्ड्याकडे.

"बाबा, साठ विटा गेल्या. आपलं तर समदं मातीतच गेलं."

"जाऊ दे."

"आता बस करा ना. इथून एकेका विटंनं वर घेऊ. समद्यांचा केवढा झालाय बगा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबासाहेब मिशीला हात लावत वाकून बघायला लागले. "पोरगी बराबर म्हणायलीय, मिस्त्री. जमिनीखालचं कोण बघतं? वर दिसू द्या काहीतरी."

मिस्त्रींचा हात जागीच थांबला. हेच शब्द. अठरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, याच माणसाच्या तोंडचे. कंपाउंडच्या पायाचा चर तेव्हा अडीच फूट खोदून झाला होता. खाली अजून काळी मातीच होती, मुरूम लागायला दीड-दोन फूट तरी जायला हवं होतं. पण उद्घाटनाची तारीख तोंडावर आलेली. सरपंच चराच्या काठावर उभे राहून म्हणाले होते, मिस्त्री, जमिनीखालचं कोण बघतं, वर घ्या. आणि मिस्त्री म्हणाले होते, बरं.

आता तर सांगणारा सरपंच नव्हता, नात होती. डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. मिस्त्रींचं मन क्षणभर डळमळलं, खोटं कशाला सांगा. इथून थर अरुंद केले तर काय बिघडतं, पोरगी तरी हसेल.

त्यांनी थापी खाली ठेवली आणि अर्पिताला जवळ बसवलं. "अप्पे, शाळंची भिंत कामून वाकडी झाली, ठाव हाय?"

"तुमच्याकून चूक झाली म्हणतेत."

"व्हय, झाली. पण बांधायला चुकलो न्हाई मी. पाया उथळ हाय हे मला कळत व्हतं. वर घ्या म्हणलं, अन् मी बरं म्हणलो. ती चूक."

"कामून बरं म्हणलात?"

"मोठ्या माणसाला न्हाई म्हणायची सवय नव्हती."

अर्पितानं नाक पुसलं. "आज तर मी म्हणायलेय. मी कुठं मोठी हाय?"

"तू लय मोठी हायस बाई," मिस्त्री म्हणाले. "तुला न्हाई म्हणायला त्याच्याहून जड जायलंय. पण न्हाईच म्हणतो."

अर्पितानं बाह्या वर सारल्या, मूठभर विटा उचलल्या आणि मनगटापर्यंत हात खड्ड्यात घातला.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. "सांध्यावर सांधा येऊ द्यायचा न्हाई," मिस्त्री सांगायचे आणि अर्पिता वरची वीट खालच्या दोन विटांच्या मध्यावर दाबायची. पायाच्या भोवती माती परत भरली, थापीच्या मुठीनं ठोकून ठोकून बसवली. मॅडमची शिट्टी झाली तेव्हा मनोरा जमिनीच्या वर जेमतेम वीतभर आला होता. सहा उंच मनोऱ्यांच्या रांगेत तो बुटकाच दिसत होता. "विटा पाण्यानं आटल्या वाटतं!" मागून कुणी तरी ओरडलं आणि पुन्हा हशा झाला. अर्पितानं मागं वळून त्याला जीभ दाखवली, म्हणजे पोरगी सावरली होती.

मॅडमनी तांब्यानं पाणी ओतलं. माती सुरुवातीला नुसतीच घटघट प्यायली. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाईंनी डावानं पातेलं वाजवलं आणि सगळे ताटं घेऊन व्हरांड्यात बसले, तोंडं मात्र वर्गाकडे.

पहिला मनोरा दुसऱ्या घासालाच गेला. खडखडाट झाला आणि पोरांनी "ओऽऽ" केलं. मग एक, मग लागोपाठ दोन. पाचवा हळूहळू वाकला, जणू काही खाली पडलेलं शोधतोय, आणि चिखलात नाकावर आपटला. सुलाबाई म्हणाल्या, "आता कुणी उठू नका, खिचडी सांडंल," पण ऐकतंय कोण? सगळे ताटं हातात धरून वर्गात शिरले.

दोनच उरले होते. आबासाहेबांचा मनोरा एका बाजूला रुतला होता, मधूनच पोट बाहेर काढून तिरका झाला होता, पण पडत मात्र नव्हता. आणि शेजारी अर्पिताचा बुटका. शेवटच्या पोराचं ताट चाटूनपुसून झालं तरी दोन्ही तसेच.

मॅडमनी पट्टी लावली. "नियमाप्रमाणे नीलम आणि आबासाहेब पहिले. सत्तावन्न सेंटिमीटर. अर्पिता दुसरी, अठरा."

टाळ्या वाजल्या. आबासाहेबांनी मिशीला पीळ दिला. तेवढ्यात नीलम मान तिरकी करून आपल्या मनोऱ्याकडे बघत म्हणाली, "आबा, हे तर आपल्या शाळंच्या भिंतीवानी झालं!"

सगळ्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर फाटकाकडे पाहिलं. तेच पोट, तोच बाक.

अर्पिता मात्र पोत्याकडे धावली होती. ओळंबा घेऊन आली, काल पोतं सोडताना मिस्त्रींनी तिला दाखवला होता तसा तिनं तो आपल्या मनोऱ्याच्या वरच्या विटेला लावला. पितळेचा लोळा खाली सुटला, दोन हेलकावे घेतले आणि थांबला. दोरी वरच्या विटेपासून चिखलापर्यंत प्रत्येक विटेला सारखं अंतर ठेवून उभी होती. सूतभरही फरक नाही.

"मी पहिला नंबर येईल म्हणलं नव्हतं," अर्पिता वर्गाला म्हणाली. "सरळ ऱ्हाईल म्हणलं व्हतं. बगा."

एकेक पोर वाकून बघून गेलं. जो विटा आटल्या म्हणून ओरडला होता, तो तर दोनदा बघून गेला. मिस्त्रींनी उपरण्यानं उगाचच चष्मा पुसला. अठरा वर्षांत आपलं काम लोक असं वाकून बघतायत, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आबासाहेब बराच वेळ स्वतःच्या मनोऱ्याकडे बघत होते. मग घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, त्या वक्ताला बी वर घ्या म्हणणारा मीच व्हतो."

"म्हणाला तुमी," मिस्त्री म्हणाले. "पण थापी माझ्या हातात व्हती."

सुलाबाईंनी मधेच येऊन उरलेली खिचडी दोघांच्या ताटात वाढून टाकली.

ओळंबा तेवढ्यात पोरांच्या हाती लागला होता. त्यांनी तो फळ्याला लावला, दाराच्या चौकटीला लावला, झेंड्याच्या खांबाला लावला, राजेश्री मॅडम सरळ उभ्या राहतात का तेही पाहिलं. शेवटी सगळी वरात फाटकापाशी गेली. भिंतीच्या पोटाला लावल्यावर लोळा पायापासून हातभर लांब लोंबकळायला लागला.

आबासाहेब मागोमाग आले होते. "एवढं दहा-बारा फूट पाडून परत घ्यायचं म्हणलं तर? गावातली पोरं लावू हाताला. पाया किती खांदावा लागंल?"

"मुरूम लागंस्तोवर."

"म्हंजी किती?"

"चार फूट लागू द्या न्हाईतर पाच. मुरूम लागंस्तोवर."

आबासाहेबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नीलमनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आबासाहेबांनी तोंड मिटलं.

बोरखडीत नाव जात नाही, फार तर बदलतं. संध्याकाळपर्यंत भुजंग मिस्त्रींचं नाव ‘भिजवे मिस्त्री’ पडलं होतं आणि पारावर ते पहिल्यांदा ऐकल्यावर मिस्त्री स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले.

होळीच्या आधी फाटकापाशी लाल विटांचा ट्रॅक्टर रिकामा झाला. चर मुरमापर्यंत गेला होता, साडेचार फूट, आणि मिस्त्री काठावर खुर्ची टाकून बसले होते. अर्पिता शाळेच्या हौदापाशी उभी होती. तिच्या एका हातात वीट होती आणि चेहऱ्यावर जरा धाकधूक.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "ह्या भिजवायच्या ना?"

"ह्या भिजव," मिस्त्री म्हणाले. "बुडबुडे थांबंस्तोवर."